मॉनिटर काळा पडतो, पट्टे सरकतात: ट्रान्सफॉर्मर सोडा, आधी अर्थिंग बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. पुण्यात नळ स्टॉपजवळ जुनी सोसायटी, तिसरा मजला. कंपाउंडला लागून महावितरणचा ट्रान्सफॉर्मर, समोर कर्वे रस्त्यावरून मेट्रो. टेबलावर एक लॅपटॉप आणि त्याला दोन मॉनिटर: नवा २४ इंची एचडीएमआय केबलवर, जुना १९ इंची व्हीजीए केबलवर. नवा मॉनिटर फ्रिजच्या किंवा मिक्सरच्या वेळी दोन सेकंद काळा पडतो आणि आपोआप परत येतो. जुन्यावर फिकट आडवे पट्टे भराभर सरकत राहतात. दुकानदार म्हणाला, 'मॅग्नेटिक फील्ड आहे', आणि तुम्ही विचारताय की खिडकीकडच्या भिंतीला लोखंडी पत्रा ठोकू का. जाता जाता शेवटच्या ओळीत लिहिलंय की जुन्या मॉनिटरच्या स्टँडला हात लागला की मुंग्या येतात.

पत्रा ठोकू नका. आणि ती शेवटची ओळ पहिली असायला हवी होती.

चुंबकाचा संशय हा पिक्चर ट्यूबच्या डबा मॉनिटरचा वारसा आहे. त्या ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत काचेपर्यंत प्रवास करायचा आणि वाटेत कुठलंही चुंबकीय क्षेत्र आलं की झोत वाकायचा. शेजारी साधा स्पीकर ठेवला तरी कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग दिसायचा. एलसीडीत असा झोतच नाही. तिथे द्रव स्फटिकाचे रेणू विद्युतदाबाने वळतात. त्यांना चुंबकाने वळवायला जी ताकद लागते ती घरात, ट्रान्सफॉर्मरपाशी किंवा रस्त्यात कुठेच नसते. मेट्रोच्या तारेत २५ हजार व्होल्ट एसी आहे हे खरं, पण तिच्यामुळे तुमचा मॉनिटर काळा पडत असता तर गाडी जाण्याच्या वेळेला पडला असता, मिक्सर लावण्याच्या नाही. शिवाय पत्र्याचा किंवा फॉइलचा उपयोगही नसता. ५० हर्ट्झचं क्षेत्र तांब्यात सुमारे ९ मिलिमीटर आत शिरतं, ॲल्युमिनियममध्ये त्याहून जास्त. स्वयंपाकघरातली फॉइल त्याच्यापुढे नसल्यासारखीच. लोखंडी पत्रा क्षेत्राला थोडं वळवतो, पण खोलीची एक भिंत झाकून काही साधत नाही.

म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळे दोष आहेत आणि बहुधा दोन्हीचं मूळ एकच: तारा आणि अर्थिंग. 'बहुधा' म्हणतोय, कारण बरंच काही तुमच्या घरावर अवलंबून आहे. वायरिंग कधीचं आहे, आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे का, इन्व्हर्टर कुठला, एचडीएमआय केबल किती लांब, लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा की तीन पिनांचा, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून नुसतं 'हे घ्या, ते बदला' न सांगता कसं शोधायचं ते सांगतो.

मॉनिटरचा मेन्यू उघडा

खर्च शून्य, वेळ एक मिनिट. दोष दिसत असताना मॉनिटरच्या बटणाने त्याचा स्वतःचा मेन्यू पडद्यावर आणा. हा मेन्यू मॉनिटर आतल्या आत बनवतो, केबलमधून येत नाही. मागचं चित्र थरथरतंय पण मेन्यूचा चौकोन स्थिर आहे, तर दोष लॅपटॉप, केबल किंवा अर्थच्या वाटेने येतोय. मेन्यूसुद्धा थरथरत असेल तर मॉनिटरचा स्वतःचा वीजपुरवठा बिघडलाय. जुन्या मॉनिटरमध्ये हे बऱ्याचदा पॉवर बोर्डावरच्या फुगलेल्या कपॅसिटरमुळे होतं. कपॅसिटरचं वरचं सपाट टोक पोटासारखं फुगलेलं असतं किंवा तिथे तपकिरी गळती दिसते. तसं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, दुरुस्तीवाल्याकडे न्या. घरी उघडू नका. मुख्य कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज काही काळ राहतो.

काळ्या पडणाऱ्या मॉनिटरला मेन्यूची चाचणी लागू पडत नाही, तिथे वेगळं बघायचं. त्या दोन सेकंदांत पॉवरचा छोटा दिवा विझतो का? विझत असेल तर मॉनिटरला वीजच मिळत नाहीये. दिवा चालू राहतो, पण पडद्यावर 'नो सिग्नल' येतं आणि उघड्या खिडक्या उडी मारून लॅपटॉपच्या पडद्यावर जातात? मग वीज ठीक आहे, एचडीएमआयचा दुवा तुटून परत जुळतोय. आणि पूर्ण काळं न पडता चित्रावर पांढरे ठिपके चमकून जात असतील तर केबल जेमतेम चालली आहे. एचडीएमआयमधून चित्र आकड्यांच्या रूपात येतं आणि विजेच्या थोड्याशा गोंगाटानेही ते आकडे चुकतात.

सुरू होताना, चालू असताना, की बंद होताना?

तुम्ही 'फ्रिजच्या वेळी' एवढंच लिहिलंय. नेमकी वेळ कळली की निम्मं निदान होतं, म्हणून यावर जरा थांबतो.

कंप्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो आणि घरातला व्होल्टेज खाली बसतो. पण आजकालच्या मॉनिटरचा पुरवठा १०० ते २४० व्होल्टवर चालतो. २३० चे १९० झाले तरी त्याला पत्ता लागत नाही. तरीही फ्रिज सुरू होताना मॉनिटरचा दिवा विझत असेल, तर व्होल्टेज फारच खोल जातोय, म्हणजे कुठेतरी जोड सैल आहे. सैल जोड तापतो, जळतो. आणि सैल झालेला जोड इमारतीच्या न्यूट्रलचा असेल तर एखाद्या घरात २३० च्या जागी ३०० च्या पुढे व्होल्टेज येऊ शकतो. तेव्हा मॉनिटरची चिंता बाजूला ठेवून त्याच दिवशी वायरमन बोलवायचा.

बंद होताना उलटं घडतं. मोटरच्या वेटोळ्यातला करंट अचानक तुटतो, तो तुटायला तयार नसतो, आणि थर्मोस्टॅटच्या संपर्कांत ठिणगी पडते. या ठिणगीतून अत्यंत कमी वेळाचा पण तीक्ष्ण झटका वायरिंगभर पसरतो आणि हवेतूनही जातो. एचडीएमआय केबलमध्ये चित्र वाहणाऱ्या जोड्यांखेरीज एक साधी तार असते, १९ नंबरच्या पिनची. 'पलीकडे मॉनिटर जोडलेला आहे' एवढंच ती सांगते. तिच्यावर किंवा शेजारच्या ओळख पटवणाऱ्या तारांवर झटका आला की लॅपटॉपला वाटतं केबल काढली. तो दुवा सोडतो, पुन्हा ओळख करून घेतो, आणि यात एक ते तीन सेकंद जातात. तुमचे 'दोन सेकंद' यात चपखल बसतात.

मिक्सरची तऱ्हा तिसरी. त्यात कार्बन ब्रश असतात आणि ते फिरताना सतत ठिणग्या पाडतात. मिक्सर चालू आहे तोवर ठिपके किंवा वारंवार काळं, आणि बंद केला की सगळं शांत, असं असेल तर ब्रश झिजलेत का ते आधी बघा. मिक्सरच्या खालच्या जाळीतून निळसर ठिणग्यांचं पूर्ण कडं फिरताना दिसत असेल तर ब्रश बदलायचे. ब्रशची जोडी स्वस्तात मिळते आणि कित्येकदा 'मॉनिटरचा दोष' तिथेच संपतो.

चाचणीसाठी फ्रिज सारखा चालू-बंद करू नका. कंप्रेसरला दोन सुरुवातींच्या मध्ये किमान तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याऐवजी छताचा पंखा किंवा चोकची ट्यूबलाइट घ्या. बटण दहा वेळा दाबा आणि 'चालू करताना किती वेळा, बंद करताना किती वेळा' हे कागदावर लिहा. पंखा बंद करताना दहापैकी सहा-सात वेळा काळं पडलं तर ठिणगीचा झटका हे कारण पक्कं समजा.

यात एक विचित्र वाटणारी शक्यता राहते: तुमची खुर्ची. गॅसच्या दांड्याच्या ऑफिस खुर्चीवरून उठताना किंवा बसताना स्थिर विजेची ठिणगी आतल्या धातूच्या भागांत पडते आणि तिचा झटका केबल पकडते. पुण्याच्या कोरड्या हवेत, साधारण फेब्रुवारीपासून वळवाच्या पावसापर्यंत, हे जास्त दिसतं आणि पावसाळ्यात आपोआप नाहीसं होतं. मिक्सर लावायला तुम्ही खुर्चीवरून उठता, मग मॉनिटर काळा पडतो, आणि दोष मिक्सरच्या नावावर जातो! एकदा दुसऱ्या कुणाला मिक्सर लावायला सांगा आणि तुम्ही बसून राहा.

ठिणगी कुठे आहे ते सापडत नसेल तर जुना मीडियम वेव्हचा रेडिओ काढा. आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर आहे. त्यापासून बाजूला, रिकाम्या जागी काटा आणा आणि रेडिओ हातात घेऊन घरभर फिरा. सैल जोडाची खरखर अनियमित असते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा स्वस्त एलईडी ड्रायव्हरची गुणगुण एकसारखी असते. स्विचबोर्डापाशी आवाज एकदम वाढला तर तोच बोर्ड उघडायचा.

एचडीएमआयचा उपाय

पहिली गोष्ट केबल. मल्टिमीटर असेल तर तो रेझिस्टन्सवर ठेवून केबलच्या एका टोकाच्या धातूच्या कवचापासून दुसऱ्या टोकाच्या कवचापर्यंत मोजा. अर्ध्या ओहमपेक्षा कमी यायला हवं. स्वस्त केबलींमध्ये आतलं कवच एका टोकाला जोडलेलंच नसतं, मीटर काहीच दाखवत नाही. अशी केबल म्हणजे झटके पकडायला लावलेला अँटेनाच. सोन्याचा मुलामा चांगल्या-वाईटाची खूण नाही. 'प्रीमियम हाय स्पीड' प्रमाणपत्राचं स्कॅन करता येणारं लेबल असलेली, दीड मीटरची केबल घ्या. तीन मीटरची घेऊन उरलेली गुंडाळून चार्जरच्या ठोकळ्यावर ठेवू नका. पॉवरच्या वायरीपासून एक वीतभर तरी अंतर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

नवी केबल घेण्याआधी एक मोफत चाचणी आहे. फुल एचडी ६० हर्ट्झला केबलच्या प्रत्येक जोडीतून सेकंदाला जवळपास दीडशे कोटी बिट जातात, फोर-के ६० ला त्याच्या चौपट. तुमचा मॉनिटर फोर-के असेल तर रिफ्रेश रेट ३० करून बघा, फुल एचडी असेल तर रिझोल्यूशन उतरवा. पांढरे ठिपके नाहीसे झाले तर केबल कमकुवत आहे. ठिपके गेले पण काळं पडणं तसंच राहिलं, तर झटका त्या १९ नंबरच्या आणि तिच्या शेजारच्या तारांवर येतोय.

मग फेराइट, म्हणजे केबलमधले झटके अडवणारी कडी. करड्या प्लॅस्टिकच्या डबीत दोन अर्धी नळकांडी, क्लिप करून केबलवर बसतात. पुण्यातल्या तापकीर गल्लीत किंवा ऑनलाइन मिळतात. आतलं भोक केबलच्या जाडीपेक्षा थोडंच मोठं घ्या, सैल बसलं तर फायदा कमी. एक मॉनिटरच्या टोकाला, एक लॅपटॉपच्या टोकाला, प्लगपासून पाच सेंटिमीटरच्या आत. केबल लवचिक असेल तर मोठ्या भोकाचं फेराइट घेऊन तिला दोन-तीन वेढे द्या. अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तीन वेढ्यांना जवळपास नऊपट. मॉनिटरच्या पॉवर वायरीवरही एक लावा. फेराइट झटक्यांवर चालतं. जुन्या मॉनिटरच्या पट्ट्यांवर नाही, कारण ५० हर्ट्झ त्याच्यातून बेधडक निघून जातात.

ठिणगी मुळातच मारायची असेल तर पंख्याला किंवा चोकला स्नबर लावतात: ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ जातीचा, २७५ व्होल्ट एसीचा कपॅसिटर आणि त्याच्याशी सिरीजमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर. तो बटणाच्या दोन टोकांना नको, पंख्याच्या दोन टोकांना हवा. बटणावर लावला तर बटण बंद असतानाही सुमारे ७ मिलिअँपिअर वाहत राहतात. त्याच लाइनवर एलईडी बल्ब असेल तर तो रात्रभर मिणमिणतो. साधा सिरॅमिक कपॅसिटर वापरू नका, मेन्सवर तो फुटतो. हे काम वायरमनकडून करून घ्या.

स्पाइक गार्डबद्दल एक गैरसमज. त्यातला २७५ व्होल्टचा एमओव्ही (जादा व्होल्टेज शोषणारा भाग) जोरदार सर्जला आवर घालतो, तोही ७०० व्होल्टच्या आसपास. मॉनिटर काळा पाडणारा छोटा झटका त्याच्या खालून आरामात जातो. स्पाइक गार्ड जरूर वापरा, पण या दोषावरचा उपाय म्हणून नाही. स्टॅबिलायझरचंही तेच.

व्हीजीएवरचे पट्टे

व्हीजीए केबलमधून चित्र आकड्यांच्या रूपात नाही, तर प्रत्यक्ष व्होल्टेजच्या रूपात जातं. पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत फक्त ०.७ व्होल्ट. म्हणजे ७ मिलिव्होल्टचा फरक पडला की उजेडात एक टक्का फरक. लॅपटॉपचा अर्थ आणि मॉनिटरचा अर्थ यांच्यात तेवढा फरक पडायला काहीच लागत नाही. एक हॉलमधल्या सॉकेटवर, दुसरा बेडरूमच्या सॉकेटवर, की झालं. दोन्ही अर्थ व्हीजीएच्या कवचातून जोडले जातात, त्या वर्तुळातून ५० हर्ट्झचा करंट फिरतो आणि चित्रात मिसळतो. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो, मेन्स ५० वेळा. त्या फरकामुळे पट्टे भराभर पळतात.

मेन्सचाच दोष आहे ना, हे बघायचं असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधून त्या मॉनिटरचा रिफ्रेश रेट ५० करून बघा. मिळत असेल तर पट्टे जवळजवळ जागेवर थांबतील, हळूच सरकतील. मेन्स कधीच बरोब्बर ५० नसते म्हणून ते सरकणं. काही जुने मॉनिटर ५० घेत नाहीत, तेव्हा ही चाचणी सोडून द्या.

मुख्य चाचणी सोपी आहे. लॅपटॉपचा चार्जर सॉकेटमधून पूर्ण काढा, बॅटरीवर चालवा. पट्टे गेले? मग वर्तुळ चार्जरच्या वाटेने बंद होत होतं. नाही गेले, तर लॅपटॉपला दुसरं जे काही जोडलंय ते एकेक काढा: प्रिंटर, स्पीकर, कवच असलेली लॅन केबल. साध्या लॅन केबलला दोष देऊ नका, पोर्टमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो आणि अर्थ पलीकडे जात नाही. कवचवाली केबल मात्र दोन अर्थ जोडून टाकते. सेट-टॉप बॉक्स त्याच टेबलावर असेल तर केबलवाल्याची जाड काळी केबल स्क्रू फिरवून काढा. ती गच्चीवरून गच्चीवर येते आणि तिच्या जाळीवर दुसऱ्याच इमारतीचा अर्थ असू शकतो.

उपाय: लॅपटॉप, दोन्ही मॉनिटर, स्पीकर, सगळं एकाच तीन-पिनी एक्स्टेंशन बोर्डवर आणि तो बोर्ड भिंतीतल्या एकाच सॉकेटवर. दोन मॉनिटर आणि लॅपटॉप मिळून दीडशे-दोनशे वॉट, म्हणजे एक अँपिअरही नाही. ६ अँपिअरचं सॉकेट पुरे. अर्थ एका बिंदूला आला की वर्तुळ लहान होतं आणि बहुतेक वेळा पट्टे संपतात. लॅपटॉपला डिस्प्ले-पोर्ट असेल आणि मॉनिटरला डीव्हीआय, तर व्हीजीएला निरोपच द्या.

आणि एक काम कुणी सांगितलं तरी करायचं नाही: प्लगची अर्थ पिन कापणं. पट्टे जातात हे खरं. पण मॉनिटरच्या आत फेज बॉडीला टेकली तर तो करंट तुमच्या हातातून जाईल.

आता त्या मुंग्यांकडे

लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा असेल तर हलक्या मुंग्या जवळपास नेहमीच्याच. आत गोंगाट दाबायला एक छोटा कपॅसिटर असतो. त्यामुळे बॉडी मेन्सच्या निम्म्या, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. करंट मिलिअँपिअरच्या अंशात, म्हणून धोका नाही. टेस्टर लावला तर फिकट पेटतो, लोक घाबरतात. पण तुमच्या जुन्या मॉनिटरची वायर तीन पिनांची आहे. तीन पिनांच्या उपकरणाला मुंग्या येणं म्हणजे अर्थ कुठेतरी तुटलेला. मॉनिटरच्या वायरीत, एक्स्टेंशन बोर्डात, सॉकेटमागे, मीटरच्या बोर्डापाशी किंवा खाली जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यात. अर्थ तुटला की फेराइट, केबलचं कवच, स्पाइक गार्ड, सगळेच अर्धे निकामी, कारण झटक्याला जायला जागाच उरत नाही. म्हणून म्हटलं की तुमच्या दोन्ही दोषांचं मूळ एक असू शकतं.

मल्टिमीटर एसी ७५० वर ठेवून सॉकेटमध्ये तीन मापं घ्या. सवय नसेल तर वायरमनसमोर उभं राहून घ्यायला लावा. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज ते अर्थ जवळपास तेवढंच. ते १०० किंवा ६० असं काहीतरी लटकतं दिसलं तर अर्थ तुटलाय. न्यूट्रल ते अर्थ हे तिसरं माप दोनदा: एकदा लोड नसताना, एकदा त्याच लाइनवर २००० वॉटचा हीटर लावून, अर्थात १६ अँपिअरच्या सॉकेटवर. हिशेब असा: दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स किलोमीटरला १२.१ ओहम, १५ मीटरला सुमारे ०.१८. त्यातून ८.७ अँपिअर गेले की दीड व्होल्टच्या थोडं वर येतं. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. सहा-आठ झाले तर न्यूट्रलचा जोड सैल आहे.

आणि लोड लावूनही मीटर शून्यावरून हललाच नाही, तर खूश होऊ नका. याचा अर्थ बहुधा कुणीतरी सॉकेटमागे न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून ठेवलेत. पेठांतल्या जुन्या वाड्यांत आणि जुन्या सोसायट्यांत हा जुगाड सर्रास सापडतो: अर्थची वायर आलेलीच नाही, मग न्यूट्रलच पुढे केला. अशा घरात हीटरचा परतीचा करंट काही प्रमाणात तुमच्या व्हीजीए केबलच्या कवचातून वाट काढतो. पट्टे तर येणारच. पण खरी भीती वेगळी. त्या सॉकेटचा न्यूट्रल मागे कुठे तुटला तर मॉनिटर, फ्रिज, सगळ्यांच्या बॉडीवर थेट २३० व्होल्ट येतात.

मीटर उंच रेझिस्टन्सचा असल्याने तुटलेल्या अर्थावरही कधी फसवा व्होल्टेज दाखवतो. म्हणून वायरमन फेज आणि अर्थमध्ये छोटा बल्ब लावून बघतात. बल्ब पूर्ण पेटला किंवा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडला तर अर्थ जिवंत आहे. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर मेलेला. ही चाचणी तुम्ही करू नका आणि वायरमन करत असताना त्या लाइनवरचे सगळे प्लग काढून ठेवा. अर्थ तुटलेला असेल तर बल्बमधून फेज थेट सगळ्यांच्या बॉडीवर पोचते.

घरातलं सगळं ठीक निघालं तर खड्डा. पुण्यात वरती मुरूम आणि खाली काळा पाषाण. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की त्याचा रेझिस्टन्स चढतो. दोष मार्चपासून वाढतो आणि जूननंतर कमी होतो असं लक्षात आलं, तर सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून खड्ड्याच्या नळीत आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी घालायला लावा आणि अर्थ टेस्टरने माप घेऊन ठेवा.

इन्व्हर्टर, आणि गुरुवार

दोष फक्त लाइट गेल्यावर येत असेल तर इन्व्हर्टरचा प्रकार बघा. स्क्वेअर वेव्हचा असेल तर अडॅप्टर गुणगुणतात आणि जुन्या मॉनिटरवर पट्टे दाट होतात. साइन वेव्ह हाच उपाय.

मेन्समधून गोंगाट येतोय का हे बघायला यूपीएस वापरता येतो, पण त्याचा प्लग उपटू नका. प्लगबरोबर अर्थही निघून जातो आणि चाचणी चुकीचं उत्तर देते. भिंतीवरचं बटण बंद करा, म्हणजे फेज तुटते आणि अर्थ राहतो. महावितरण देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवतं तेव्हा यूपीएसवर दहा मिनिटं मॉनिटर चालवून बघा. त्या वेळी शेजाऱ्यांचे फ्रिज आणि सगळ्यांचे मिक्सर गप्प असतात. तेव्हाही काळा पडला तर दोष तुमच्या टेबलावरच आहे, आणि मी आधी खुर्चीकडे बघेन.

चुंबकाची एक बाजू मात्र राहिली. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा मधूनच बंद होत असेल तर मोबाइलचं चुंबकवालं कव्हर कीबोर्डच्या कडेला ठेवताय का बघा. झाकण मिटलं की नाही हे लॅपटॉप छोट्या चुंबकानेच ओळखतो. कव्हर तिथे आलं की त्याला झाकण मिटल्यासारखं वाटतं. आणि कुणाकडे अजून ट्यूबचा मॉनिटर असेल तर कोपऱ्यातल्या रंगीत डागांसाठी स्पीकर लांब सरकवा, मेन्यूतला डीगॉस (ट्यूबला लागलेलं चुंबकत्व काढणारा पर्याय) एकदा दाबा आणि पुन्हा दाबायच्या आधी वीसेक मिनिटं जाऊ द्या. आतला थर्मिस्टर थंड झाल्याशिवाय दुसरा डीगॉस नुसता 'ठक्' करतो, काम करत नाही. अशा मॉनिटरच्या बाबतीत तुमच्या ट्रान्सफॉर्मरवरचा संशयही रास्त ठरला असता, आणि तिथेही उपाय पत्रा नाही, जागा बदलणं हाच.

क्रम असा ठेवा: आधी तीन मापं आणि अर्थ, मग सगळं एका बोर्डवर, मग दीड मीटरची केबल, शेवटी फेराइट. अर्थ दुरुस्त होईपर्यंत चालू उपकरणांत एचडीएमआय केबल काढू-घालू नका. तरंगत्या बॉडीवरचा तो ११५ व्होल्टचा चार्ज कधीतरी पोर्टच्या पिनेतून जातो आणि लॅपटॉपचा मदरबोर्ड मागतो. दोन्ही बाजू बंद करा, केबल लावा, मग चालू करा.

न्यूट्रल-अर्थचे दोन्ही आकडे, पंख्याच्या दहा खटक्यांची नोंद आणि काळं पडताना दिवा विझतो की नाही, एवढं कळवा. मग वायरमनला नेमकं कुठलं सॉकेट उघडायला सांगायचं ते सांगता येईल.